भूपालचा कॅमेरा

भूपाल मगदूमबद्दल वाईट बोलणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मी सोडून, म्हणजे. आणि मीही तोंडाने कधी बोललो नाही. मनातल्या मनात मात्र मी त्याला जेवढ्या शिव्या हासडल्या, तेवढ्या आमच्या कारखान्यातल्या गव्हाणीच्या चेनीलाही कुणी हासडल्या नसतील. आणि त्या चेनीला शिव्या घालणारी माणसं तिन्ही पाळ्यांत कामाला होती.

गव्हाण म्हणजे साखर कारखान्यातला तो लांबलचक सरकता पट्टा. गाडीतून, ट्रकमधून आलेला ऊस त्यावर पडतो आणि चेनीच्या जोरावर चरकाकडे चढत जातो. आमचा कारखाना पलूसच्या बाजूला होता. मी मूळचा वडूजचा. आमच्याकडे उसाचं रान बघायचं तर पाहुण्याच्या गावाला जावं लागे. भूपाल सांगलीजवळच्या एका गावचा, जैन शेतकऱ्याच्या घरचा. ऊस, हळद, दावणीला जनावरं, सगळं भरलेलं. सांगलीला आम्ही दोघांनी एकाच वर्गात इलेक्ट्रिकचा डिप्लोमा केला. शेवटच्या परीक्षेत माझा पहिला नंबर आला, त्याचा दुसरा. हे इथंच सांगून टाकतो, कारण पुढे असं काही सांगायची संधी मला मिळणार नाही.

दोघंही एकाच कारखान्यात, एकाच खात्यात, एकाच पदावर लागलो. पहिल्या महिनाभरातच तो सगळ्यांचा ‘अण्णा’ झाला आणि मी ‘जाधवसाहेब’. वयाने मी त्याच्यापेक्षा थोडा मोठाच होतो. पण मला कधी कुणी दादा म्हणालं नाही, आप्पा म्हणालं नाही. साहेब म्हणत आणि बाजूला सरकून वाट देत. वाट देणं म्हणजे मान असतो असं मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं.

दिसायला तो काही राजबिंडा नव्हता. बुटका, पोट किंचित सुटलेलं, केस तेलाने चप्प बसवलेले, कपाळावर गंधाचा बारीक ठिपका. पॅन्टच्या एका खिशात टेस्टर आणि पकड, दुसऱ्यात भाजलेले शेंगदाणे. समोर कोण आहे, फिटर की चीफ इंजिनिअर, हे न बघता तो मूठ पुढे करायचा. ‘घ्या, घरचं हायती.’ नम्र वगैरे तो मुळीच नव्हता. एखादी मोटर चालू केली की कमरेवर हात ठेवून सगळ्यांना विचारायचा, ‘बगितलासा का? कसं काढलं?’ असं मी एकदा जरी विचारलं असतं तरी लोकांनी महिनाभर चहाबरोबर मला चावून खाल्लं असतं. त्याला मात्र म्हणायचे, ‘अण्णा, तुमचा हात म्हंजे हातच हाय.’

बिघाड बघायला जायची त्याची एक पद्धत होती. हात पाठीमागे बांधून जायचा. यंत्राला हात लावायचाच नाही. तिथं जो माणूस असेल त्याच्याशी आधी बोलत बसायचा. ‘यंत्राला काय झालंय ते मागनं बगू. आदी मानसानं काय केलंय ते सांग.’ मग तो माणूस हळूच सांगायचा की काल कव्हर उघडलं होतं, एक नट उरला होता, तो खिशात आहे. मी तोवर नकाशा पसरून, मीटर लावून, तारा मोजत बसलेला असायचो. दहापैकी आठ वेळा नट खिशातच सापडायचा.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्याचं जेवण. दिवस मावळायच्या आत तो जेवायचा म्हणजे जेवायचा. चरक बंद पडलेला असो, चेअरमन येऊन उभे असोत, ऊन तांबूस झालं की भूपाल आकाशाकडे बघायचा आणि म्हणायचा, ‘आलोच पोटात चार घास टाकून.’ सायकलवर टांग मारून क्वार्टरवर जायचा आणि अंधार पडेपर्यंत परत हजर. त्याला कुणी कधी मेमो दिला नाही. मी एकदा तापाने फणफणून घरी गेलो होतो, तर हजेरीवर लाल शाई आली होती.

आणीबाणी उठून गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात आमचे चेअरमन कुठला तरी मोठा कारखाना बघून आले आणि संचालकांच्या बैठकीत त्यांनी जाहीर केलं, ‘आपल्या गव्हाणीवर टेलिव्हिजन पायजे.’ त्यांनी तिकडे पाहिलं होतं की गव्हाण चालवणारा माणूस केबिनमध्ये बसून समोरच्या काचेवर पार वरचा ऊस बघतो. आमच्याकडे गव्हाण चालवायचे शिदूतात्या. ते खाली केबिनमध्ये, आणि ऊस अडायचा तो वर, चरकाच्या तोंडाशी. तिथं एक माणूस लाल फडकं घेऊन उभा असायचा. तो फडकं हलवेपर्यंत आणि ते तात्यांना दिसेपर्यंत चेन कचकन तुटलेली असायची. एक चेन तुटली की अख्खा कारखाना थांबायचा आणि बाहेर बैलगाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत जायची.

त्याच सुमारास आमचे खातेप्रमुख देशपांडेसाहेब येत्या हंगामानंतर निवृत्त होणार हे ठरलं होतं. त्यांची जागा आम्हा दोघांपैकी एकाला मिळणार, हे वॉचमनलासुद्धा माहीत होतं. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की देशपांडेसाहेब खोकले तरी मी त्यांच्या खुर्चीकडे बघायचो. त्या जागेबरोबर पेरूच्या झाडाचा बंगला मिळत असे. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला कसला पडदा लावायचा हे माझ्या बायकोने, मंगलने, ठरवूनही टाकलं होतं. देशपांडेसाहेब एवढंच म्हणाले, ‘हे टेलिव्हिजनचं काम नीट करा दोघं. वरची मंडळी बघतायत.’

मुंबईहून आणि पुण्याहून विक्रेते आले, चकचकीत माहितीपत्रकं ठेवून गेले. मी ती सगळी शब्दन् शब्द वाचली. मोठ्या कागदावर तक्ता केला. माझी निवड पक्की होती: दूरचं जवळ आणणारं भिंग असलेला, मोटरवर डावी-उजवीकडे फिरणारा कॅमेरा आणि सगळ्यात मोठा पडदा. घ्यायचं तर चांगलं घ्या, असं माझं म्हणणं. ते चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही.

भूपालने माहितीपत्रकं चाळली आणि बुटाच्या खोक्याचं झाकण घेऊन गव्हाणीवर गेला. झाकणाला मधोमध चौकोनी खिडकी कापलेली, त्याला सुतळी बांधलेली, सुतळीचं टोक त्याच्या दातात. सुतळी ताणून धरायची म्हणजे झाकण डोळ्यापासून कायम तेवढ्याच अंतरावर राहतं आणि त्या खिडकीतून जेवढं दिसेल तेवढंच त्या भिंगातून दिसेल, असा हिशेब. वेगवेगळ्या भिंगांसाठी त्याने वेगवेगळ्या खुणा करून सुतळीला गाठी मारल्या होत्या. घाण्याच्या बैलासारखा तो गव्हाणीभोवती फिरत होता आणि खाली फिटर लोक हसत होते. ‘अण्णा बिनकॅमेऱ्याचं फोटू काढाय लागलंय!’ हा दातातल्या सुतळीसकट हसत होता.

मग तो तात्यांच्या शेजारी जाऊन बसला, मूठभर शेंगदाणे दिले आणि म्हणाला, ‘तात्या, काय दिसलं म्हंजे तुमी हँडल वडून गव्हाण थांबवाल?’

तात्या म्हणाले, ‘ऊस उभा ऱ्हायला की वडायचं. आडवा वाहातुया तवर काय बी काळजी न्हाई.’

‘बास. म्हंजे उभा ऊस दिसला पायजे.’

एवढीच त्याची चौकशी. बैठकीत मी तक्ता वाचून दाखवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. चेअरमन भूपालकडे वळून म्हणाले, ‘तुजं काय रं?’ भूपाल म्हणाला, ‘साहेब, फिरता कॅमेरा घेतला तर तात्या ऊस सोडून कॅमेराच फिरवत बसतील. सगळा कारखाना बगतील, गव्हाण तेवडी बगायची ऱ्हाईल.’ सगळे खो खो हसले. एका जागी बसणारा साधा कॅमेरा, उसाची धूळ आत जाऊ नये म्हणून काचेची पेटी, आणि कॅमेऱ्यातली नळी जळाली तर बदलायला एक जादा नळी, एवढं त्याने मागितलं आणि एवढंच मंजूर झालं. माझ्या तक्त्याच्या मागच्या बाजूला कॅन्टीनवाल्याने पुढे भजी बांधली.

कॅमेरा कुठल्या खांबावर बसवायचा यावरही असंच झालं. मी पूर्वेचा खांब सुचवला, केबल कमी लागली असती. भूपाल म्हणाला, ‘न्हाई रं सदा. सांजचं ऊन थेट त्याच्या तोंडावर येतंय. आठ दिसात नळी जळंल.’ मी विचारलं, तुला कसं ठाऊक? म्हणाला, ‘रोज त्याच येळंला त्या शेडखालनं जेवाय जातोय की!’ देवाधर्माने पाळलेल्या वेळेचासुद्धा ह्याला कामात उपयोग होत होता. मी सोमवार करायचो. माझ्या सोमवारांचा कारखान्याला काहीच उपयोग झाला नाही.

सामान आलं ते दसऱ्याच्या आधी. आमच्या भागात तोवर टीव्ही कुणाच्या घरी नव्हता. पुण्या-मुंबईला जाऊन आलेले लोक त्याच्या गोष्टी सांगायचे तेवढंच. पेटी उघडल्याची बातमी कॉलनीत पोचली आणि दुपारी सगळ्या बायका आमच्या खात्याच्या दारात. मी सांगितलं, हे खेळणं नाही, कारखान्याचं यंत्र आहे. त्या वळून निघाल्यासुद्धा होत्या. तेवढ्यात भूपाल आला. ‘आवं थांबा की वैनी, या आत.’ त्याने कॅमेरा टेबलावर ठेवला, पडदा लावला आणि एकेकीला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. एकीने पडद्याकडे बघत विचारलं, ‘भावजी, गानी कवा लागत्यात?’ हा म्हणाला, ‘तुमी म्हना, आत्ता लागतील.’ आणि तिने खरंच ओवी म्हटली. मंगलही त्यात होती. तिने पदर सारखा केला, कॅमेऱ्याकडे बघून लाजली, आणि ती लाजलेली मंगल मी पडद्यावर बघितली. लग्नानंतर एवढी लाजलेली मी तिला बघितली नव्हती. घरी आल्यावर रात्रीची भाकरी थापताना ती म्हणाली, ‘भावजींनी आम्हाला टीव्हीत घातलं.’ हे वाक्य ती पुढे वर्षानुवर्षं पाहुण्यारावळ्यांना सांगत असे. ती हसत असे तेव्हा मी भाकरी मोडत असे.

तेव्हापासून तो कॅमेरा भूपालचा झाला. कारखान्याने घेतला, मी केबल ओढली, पण नाव भूपालचं. ‘भूपालचा कॅमेरा बंद हाय का चालू?’ असंच विचारत. मी रोज केबिनमध्ये जाऊन पडद्याकडे बघायचो. लोकांना वाटे, जाधवसाहेब किती काळजीने लक्ष ठेवतात. मी तो कधी बिघडतो हे बघायला जात होतो.

आणि तो बिघडला, नेमका हंगामाच्या उद्घाटनाच्या दिवशी. दसरा नुकताच होऊन गेला होता आणि त्या गडबडीत दोन-तीन दिवस पडदा कुणी लावलाच नव्हता. गव्हाणीत मोळी टाकायचा कार्यक्रम, मांडव, पाहुणे, बँड. चेअरमन पाहुण्यांना घेऊन केबिनमध्ये आले आणि पडदा चालू केला. पडद्याच्या मधोमध काळा ढग. कडेला थोडी चेन दिसत होती, थोडा खांब, आणि ऊस जिथं दिसायला हवा तिथं नुसता काळा गोळा. चेअरमननी देशपांडेसाहेबांकडे बघितलं. देशपांडेसाहेबांनी आमच्याकडे बघितलं.

माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? देवा, आज. आज हे मला सापडू दे.

भूपाल हात पाठीमागे बांधून सगळ्यांना विचारत फिरू लागला. काल कोण आलं होतं, कुणी वायर हलवली, कुणी काय केलं. सगळे म्हणत, न्हाई अण्णा, कुणीच हात लावला न्हाई. मी माझ्या पद्धतीने गेलो. पडदा बदलून बघितला, ढग तिथंच. केबल तपासली. विजेचा दाब बघितला. म्हणजे दोष वर, कॅमेऱ्यातच. नळी गेली असावी. जादा नळी खिशात घालून, नवीन टेरिलिनच्या कपड्यांवर मी शिडी चढलो. खाली बँड वाजत होता. पेटीपाशी पोचलो आणि बघतो तर पेटीच्या काचेवर, बरोबर भिंगासमोर, हळदी-कुंकवाचा अंगठ्याएवढा टिळा. त्यावर चार अक्षता चिकटलेल्या, वर सुकलेली झेंडूची पाकळी.

खंडेनवमीला कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राची पूजा होते. मोटरींना, पंपांना, हातोड्यांनासुद्धा गंध लावतात. ह्या यंत्रालाही कुणी तरी लावलं होतं.

मी रुमालाने काच पुसली. खालून केबिनमधून आरडाओरडा ऐकू आला, टाळ्या ऐकू आल्या. मी शिडीच्या टोकावर उभा होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या माझ्यासाठी होत्या. मी सावकाश, एकेक पायरी घेत उतरलो. असं उतरायला मिळत नाही नेहमी.

केबिनमध्ये पोचलो तेव्हा माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. वरून मी ‘कुंकू, कुंकू’ म्हणून ओरडलो होतो ते भूपालने ऐकलं होतं आणि कपाळावर हात मारून सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, ‘मीच लावलं की! खंडेनवमीला मीच चढलो हुतो. साऱ्या गावाला इचारत फिरलो, सोताला इचारायचं ऱ्हाईलं!’

चेअरमन म्हणाले, ‘आरं, मग देवाच्या डोळ्यात कुंकू घातलंस व्हय?’

‘मग कुटं लावू साहेब? त्येला कपाळच न्हाई!’

पाहुण्यांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. चेअरमननी भूपालच्या पाठीवर दोन थापा मारल्या. पुसलं मी, पाठ थोपटली त्याची. ती गोष्ट पुढे सांगली-मिरजेपर्यंत गेली. लोक सांगायचे, अण्णा मगदूमांनी कॅमेऱ्याला कुंकू लावलं. पुसलं कुणी, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. माझ्या दुरुस्तीपेक्षा त्याची चूक लोकप्रिय झाली. मंगलनेही ती गोष्ट मला घरी येऊन सांगितली, जणू मी तिथं नव्हतोच.

ऐन हंगामात पडद्याच्या कोपऱ्यात एक फुगवटा दिसायला लागला. रोज थोडा मोठा. वर जाऊन बघितलं तर कुंभारीण माशी पेटीच्या छपरीला चिखलाचं घर बांधत होती. तात्या म्हणाले, काठीनं पाडा. भूपाल म्हणाला, ‘ऱ्हाऊ दे तात्या. तिचं घर हाय. उभा ऊस दिसतोय न्हवं?’ तात्यांनी मान हलवली. संपलं. कारखान्याचं महागाचं यंत्र, आणि कोपऱ्यात माशीचं बाळंतपण. पाहुणे आले की चेअरमनच बोट दाखवून सांगायचे, ‘ती आमची कुंभारीण हाय.’ पिल्लं उडून गेल्यावर भूपालने ते घर अलगद काढलं. माझ्या पंपावर असं घर ठेवलं असतं तर चौकशी लागली असती.

एकदा मात्र त्याला सापडलं नाही आणि मला सापडलं. पडद्यावर दोन काळे पट्टे खालून वर सरकत राहायचे, सारखे. भूपालने सगळ्यांना विचारून झालं, कुणी काही केलं नव्हतं. मी पुस्तकं काढली. गव्हाणीकडची जमिनीत सोडलेली तार वेगळी आणि केबिनकडची वेगळी, दोन्हीकडे केबल जमिनीला जोडलेली, त्यामुळे नको ती वीज केबलमधून फिरत होती. एका टोकाचा जोड काढला आणि पट्टे गेले. भूपालने मला सगळ्यांदेखत मिठी मारली. मग तो कारखानाभर सांगत सुटला, ‘सदानं काढलं. मला जमलं नसतं. डोकं हाय बगा त्याचं!’ लोकांनी ऐकलं आणि म्हणाले, अण्णांचं मन किती मोठं आहे. माझं कौतुकसुद्धा त्याच्याच खात्यात जमा झालं.

चैत्रात हंगाम संपला. देशपांडेसाहेबांना नारळ-शाल मिळाली. संचालकांची बैठक झाली आणि जागा मिळाली ती साताऱ्याहून आलेल्या एका तरुण इंजिनिअरला. चेअरमनच्या साडूचा मुलगा. चांगला होता, दोष त्याचा नव्हता. मला नाही, भूपालला नाही. मंगलने खिडकीच्या पडद्याचं कापड ट्रंकेत ठेवून दिलं.

मला दुःख झालंच. पण खोटं कशाला सांगू, भूपाललाही मिळाली नाही ह्याचा जो गारवा वाटायला हवा होता तो दोन दिवस वाटला. तिसऱ्या दिवशी बघतो तर हा त्या नव्या साहेबाला गव्हाणीवर घेऊन निघालेला, हातावर शेंगदाणे ठेवलेले, ‘ह्यो खांब बगा साहेब, सांजचं ऊन हितनं येतंय.’ माझं डोकंच फिरलं. कॅन्टीनमध्ये मी त्याला गाठलं आणि विचारलं, ‘तुला ती जागा नकोच होती का रे?’

त्याने बशीतला चहा खाली ठेवला. ‘नको? लय पायजे हुती गड्या. तुज्यापरीस जास्त पायजे हुती. आईला सांगून ठेवलं हुतं मी, तुला बंगल्यात ठेवतो म्हनून. परवा घरी गेलो आन् दार लावून रडलो. लय रडलो. बायकू बी रडली. मग ती म्हनली, दिस मावळाय आलाय, उटा. उटलो, जेवलो.’

‘आणि मग?’

‘मग काय? झालं की रडून.’ तो म्हणाला आणि बशी उचलली. ‘तू रडलास का न्हाई?’

मी म्हटलं, असल्या गोष्टीला कोण रडतंय. त्याने माझ्याकडे बघत बशीतला चहा संपवला. मी आजवर खूप गोष्टींचा हेवा केला. त्याच्या हाताचा, त्याच्या हसण्याचा, माझी बायको त्याला भावजी म्हणताना तिच्या आवाजात जे यायचं त्याचा. पण दार लावून रडणं आणि मग उठून जेवणं, ह्याचा मला सगळ्यात जास्त हेवा वाटला. माझ्या घशात ती जागा अजून अडकलेली होती.

मी साताऱ्याला एका वर्कशॉपमध्ये नोकरी बघितली. पुढचा हंगाम सुरू झाला आणि माझी तिकडची ऑर्डर आली. भूपालने लगेच निरोपसमारंभ ठरवला. सतरंज्या, हार, पेढे, सगळं त्यानेच जमवलं. पाहुणे म्हणून चेअरमन. मी चार दिवस विचार केला. त्या समारंभात काय होणार हे मला दिसत होतं. भूपाल बोलायला उभा राहणार, लोक हसणार, रडणार, आणि घरी जाताना म्हणणार, अण्णा काय बोलले! माझ्या निरोपाचासुद्धा तो त्याचा कार्यक्रम करणार. मंगल आणि सामान आधीच साताऱ्याला पोचलं होतं. मी ठरवलं, आदल्या दिवशीच दुपारच्या एसटीने जायचं, कुणाला न सांगता.

फक्त शिदूतात्यांना भेटावंसं वाटलं. ते म्हातारे माणूस. बॅग घेऊन केबिनमध्ये गेलो. गव्हाण चालू होती, पडद्यावर ऊस आडवा पडून नीट वाहत होता. तात्यांच्या पाया पडलो. ते काही विचारणार तेवढ्यात पडद्यावर एक हात आला, फडकं आलं, आणि मग भूपालचा चेहरा. वर शिडीवर चढून काच पुसत होता. तात्यांनी हँडल ओढून गव्हाण थांबवली.

काच पुसून झाली तरी तो उतरला नाही. इकडेतिकडे बघून घेतलं, केस सारखे केले आणि कॅमेऱ्याकडे बघून बोलायला लागला. आवाज अर्थातच नव्हता. नुसते ओठ. मध्येच एक हात पुढे करायचा, मध्येच छातीवर ठेवायचा.

मी विचारलं, ‘तात्या, हे काय करतोय?’

‘सकाळधरनं तिसरी खेप हाय ही,’ तात्या म्हणाले. ‘उद्याचं भाषान पाठ करतोय. तुमच्या निरोपाचं. मला म्हनला, तात्या, सदाफुडं बोलताना रडू आलं तर पंचाईत हुईल, म्हनून आदी हितं बोलून बगतो.’

मी पडद्याजवळ गेलो. कुठला शब्द आहे ते ओठांवरून काही कळेना. एकदा तो विसरला, कपाळ खाजवलं, परत पहिल्यापासून सुरुवात केली. पुढे कुठे तरी एका ठिकाणी थांबला, मान खाली घातली, बाहीने डोळे पुसले आणि परत बोलायला लागला. लग्नात, सभेत, कॅन्टीनमध्ये मी त्याला हजार वेळा बोलताना ऐकलं होतं, पण असा कधी बघितला नव्हता. ह्या वेळी त्याला हसवायला, टाळ्या द्यायला समोर कुणीच नव्हतं.

तात्या म्हणाले, ‘हाक मारू का? तुमी हितं हायसा म्हनून सांगतो.’

‘नको,’ म्हटलं. ‘होऊ दे त्याचं पुरं.’

मी उभा राहिलो. आणि देवाशपथ सांगतो, तेव्हासुद्धा मला हेवाच वाटला. ज्याच्याबद्दल हा माणूस इतकं जीव तोडून बोलत होता, त्या सदा जाधवचा. तो कुणी तरी चांगला माणूस असणार.

शेवटी भूपालने काचेसमोर हात जोडले आणि शिडी उतरला. मीही इकडून जोडले. तात्यांनी हँडल सोडलं आणि पडद्यावर पुन्हा ऊस वाहायला लागला. मी बॅग उचलून स्टँडकडे चालू लागलो.